परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेताय? या चुका टाळा

परदेशात स्थायिक झालेली मराठी जोडपी दत्तकासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा चूक बहुधा होऊन गेलेली असते. आधी दत्तकपत्र, मग चौकशी!

एक मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे. थोरली बहीण अमेरिकेत, धाकटी साताऱ्याकडे. धाकटीची तिसरी लेक थोरलीनं घ्यायची, असं घरात ठरलं. तीन आठवड्यांच्या रजेत होम झाला, मूल ओटीत घातलं, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवलं, पेढे वाटले. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे सगळं चोख. अडलं ते व्हिसाला. भारत आणि अमेरिका दोघेही हेग दत्तक करारात, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत. तिथला क्रम म्हणजे आधी घराची पाहणी आणि आय-८००ए (पालक दत्तकासाठी योग्य आहेत का, हे ठरवणारा अमेरिकी सरकारचा अर्ज) ची मंजुरी, मग ठरलेल्या मुलासाठीच्या आय-८०० अर्जाची तात्पुरती मंजुरी, दत्तक त्यानंतर. यांनी शेवटची पायरी आधी गाठली. मागं फिरायचं तर वैध दत्तक रद्द करायला तोच १९५६ चा कायदा मनाई करतो. पोरीचे दोन वाढदिवस आजीकडे झाले. आई फोनच्या पडद्यावरून टाळ्या वाजवत होती.

“वकिलांनी एका दिवसात करून दिलं हो, ताई,” थोरली मला म्हणाली. त्या ‘एका दिवसा’चा मला संताप येतो. २०२१ पासून अशा दत्तकपत्रांसाठीही ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाकडे वाट आहे, पण ती जिल्हाधिकाऱ्यांच्या पडताळणीतून जाते आणि मूल जिथं न्यायचं त्या देशाची संमती लागतेच. म्हणून नात्यातलं मूल असलं तरी सुरुवात राहत्या देशातल्या अधिकृत दत्तक संस्थेपासून करा. रजा आणि तिकिटं नंतर.

‘नात्यातलं’ म्हणजे तुम्ही मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी किंवा आजी-आजोबा. चुलतभावाचं मूल यात बसत नाही.

पर्यटक व्हिसावर नेऊ, पुढचं तिकडे बघू, असं सुचवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

दवाखान्यातून परस्पर बाळ मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देणं म्हणजे मुलाची खरेदी. बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे. रांग मोठी आहे, वाट बघणं जिवावर येतं, हे मी रोज पाहते. तरीही नाही.

नावांची स्पेलिंगं मी पहिल्याच भेटीत एका कागदावर उतरवून घेते. पासपोर्टवर ‘लक्ष्मी’ एक्स घालून आणि जन्मदाखल्यात केएसएच, एवढ्यावर महिने जातात.

मूल घरी आलं की दोन वर्षं पाठपुरावा अहवाल, म्हणजे मूल कसं रुळतंय याचे अहवाल द्यायचे असतात. अमेरिकेत असाल तर नागरिकत्वाचं प्रमाणपत्रही हातात हवं. २७ फेब्रुवारी २००१ ला ज्यांना अठरा पूर्ण झाली होती, त्या दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही. आई-वडिलांनी कागद न केल्यामुळे त्यांच्यातले काही जण आज मोठ्या वयात नागरिकत्वाविना आहेत. म्हणून प्रमाणपत्र आलं का, हे मी फाइल बंद करण्याआधी फोन करकरून विचारते.