नव्या टीचरांसाठी: पत्र्यावर पाऊस वाजत असताना वर्ग कसा सांभाळायचा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शाळेत नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगते: आवाजाच्या जोरावर वर्ग चालवायचा विचार सोडा. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस लागला की पत्र्यावर असा वाजतो की पुढच्या रांगेतल्या पोरालाही तुमचं बोलणं कळत नाही. ओरडून घसा बसतो, आणि टीचर ओरडल्या तरच ऐकायचं, अशी मुलांना सवय लागते. पुढं काय करायचं हे मुलांना आधीच ठाऊक असलं की वर्ग आपोआप शांत होतो.

म्हणून मुलं आत यायच्या आधी फळा भरलेला हवा. आमच्याकडं बऱ्याच शाळांत चौथी-पाचवी एकाच खोलीत बसतात. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ मारा, डावीकडं चौथीचं काम, उजवीकडं पाचवीचं. काम कालच्याच धड्यातलं द्या: एखादा पाढा, पाच शब्द, दोन वजाबाक्या. नवीन काही देऊ नका, नाहीतर सगळे एकदम उठून तुमच्याभोवती गोळा होतील. मुलं लिहीत असताना रांगांमधून फिरत हजेरी घ्या. फिरताना कोण ओलं आलंय, कुणाकडं पेन्सिल नाही, कोण उपाशी दिसतंय, हे सगळं कळतं. खुर्चीत बसून नावं पुकारली तर यातलं काहीच कळत नाही.

शिकवताना एक नियम घट्ट धरा. एका वर्गाच्या हातात काम दिल्याशिवाय दुसऱ्या वर्गाकडं वळायचं नाही. बहुतेक गोंधळ धड्यात होत नाही, दोन कामांच्या मधल्या रिकाम्या वेळात होतो. वह्या काढताना, दुधाला जाताना, जेवून परत येताना.

कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध 2013 पासून शाळेत येतंय. दूध वाटताना नव्या शिक्षकाची हमखास धांदल उडते. सगळ्यांना एकदम सोडू नका. एक रांग जाईल, पिऊन ग्लास धुऊन जागेवर बसेल, मगच दुसरी उठेल. बसलेल्यांसाठी फळ्यावर चित्र किंवा कोडं ठेवा. हा क्रम पहिल्या आठवड्यात रोज सराव करून घ्या. त्यात गणिताचा एखादा तास गेला तरी चालेल, पुढं तो वेळ वर्षभर भरून निघतो.

हाताच्या खुणाही अशाच उघडिपीच्या दिवशी, खेळासारख्या शिकवा. तळहात वर केला की पेन्सिल खाली. दोन बोटं दाखवली की जोडी करून बसायचं. पाऊस वाजायला लागला की याच खुणा कामी येतात.

घरात कन्नड बोलणारी काही मुलंही मराठी शाळेत येतात. सांगितलेलं करत नाही म्हणजे पोर हट्टी आहे, असं लगेच ठरवू नका, कदाचित त्याला कळलंच नसेल. ‘बा’ (ये), ‘कुंद्रु’ (बस), ‘साकु’ (पुरे) एवढं कन्नड तोंडात असू द्या, आणि शेजारी दोन्ही भाषा येणारी मुलगी बसवा. तिलाही मोठी जबाबदारी मिळाल्यासारखं वाटतं.

आता मस्ती करणारा पोरगा. भर वर्गात त्याचं नाव घेऊ नका. शिकवत शिकवत त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहा, बऱ्याच वेळा तेवढं पुरतं. बोलायचंच असेल तर व्हरांड्यात, एकट्याशी, थोडक्यात बोला. भाताच्या लावणीला गेलेलं पोर चार दिवसांनी उगवलं, तर दारातच जाब विचारू नका. आधी बसू द्या, राहिलेलं काम दाखवा. कारण मधल्या सुट्टीत कळतं.

पालक येऊन सांगतील, ‘मारा की टीचर, आम्ही काय म्हणत नाही.’ ते प्रेमापोटीच बोलतात, पण ऐकायचं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारायलाही मनाई आहे आणि मानसिक छळालाही. आणि माराच्या धाकानं गप्प बसलेलं पोर प्रश्न विचारायचं सोडून देतं, हे मला कायद्याहून जास्त लागतं. त्याऐवजी घरी पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी करा. वडील गोव्याला कामाला असले तर संध्याकाळी करा. ‘आज त्यानं सातचा पाढा न चुकता म्हटला.’ पुढं कधी तक्रारीचा फोन करावा लागला तर ते घर तुमचं ऐकून घेतं.

ऑगस्टपर्यंत बऱ्याच जणींना वाटतं की आपल्याला हे जमणार नाही. हे वाटणं म्हणजे तुम्ही कमी पडताय असं मुळीच नाही. एवढी मुलं, दोन वर्ग, दोन भाषा, कुणाचाही कस लागतो. दसऱ्याच्या सुट्टीनंतर वर्गाची घडी बसलेली जाणवते. तोवर रोज घरी जायच्या आधी वहीत दोन ओळी लिहा: आज गोंधळ नेमका कधी झाला, आणि त्या वेळी मुलांच्या हातात काय होतं. आठवड्याची पानं एकत्र वाचा, बहुधा एकच वेळ पुन्हा पुन्हा आलेली दिसेल. सोमवारी तेवढीच एक वेळ बदला, बाकी सगळं तसंच चालू द्या.