अंगात साचलेलं पाणी कसं उतरवावं

संध्याकाळी घोट्यावर मोज्याच्या रबराचा खोल वळ उमटतो, अंगठी बोटातून निघत नाही, सकाळी सैल असलेल्या चपला रात्री आवळतात. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्यांना आणि ऐरोली-महापेच्या ऑफिसांत आठ-नऊ तास खुर्चीत काढणाऱ्यांना हे ओळखीचं असेल. अशा सुजेमागे बऱ्याचदा दोन गोष्टी असतात: पोटरी हलत नाही आणि पोटात मीठ जास्त जातं. दोन्हींवर घरी इलाज होतो, पण आधी सूज साधी आहे का ते बघा.

अंगठा दाबून बघा

घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा १० सेकंद दाबून धरा. काढल्यावर खड्डा राहिला तर त्वचेखाली पाणी साचलंय. असा खड्डा दोन्ही पायांवर फक्त संध्याकाळी पडत असेल आणि झोपून उठल्यावर जात असेल, तर पुढचे उपाय करून बघायला हरकत नाही.

पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. पाय चोळू नका, तेल लावू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आडवं पडल्यावर धाप लागणं किंवा दोन-तीन दिवसांत २ किलो वजन वाढणं हृदयाकडे बोट दाखवतं. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल तर मूत्रपिंड तपासावं लागतं. गरोदरपणात चेहरा-हात एकाएकी सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर सकाळची वाटही बघू नका.

मिठाचं पॅकेट मोजा

जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय, म्हणजे सपाट चहाचा चमचा. रोज चमचे कोण मोजणार? त्यापेक्षा मिठाचं नवं पॅकेट फोडलं की त्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात १ किलो मीठ निदान ५० दिवस पुरायला हवं. महिन्यातच संपलं तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलात, आणि यात बाहेरचा वडापाव, मिसळ, फरसाण धरलेलंच नाही. (लोणचं घातलं असेल तर तेवढं मीठ वजा करा.)

कमी करताना लोक आमटी अळणी करतात आणि शेजारी पापड-लोणचं तसंच ठेवतात. उलटं करा. पापडात मिठाबरोबर पापडखार असतो, ढोकळ्यात खाण्याचा सोडा. दोन्हींत सोडियम आहे आणि पाणी धरून ठेवतं ते सोडियमच. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. खारवलेला बांगडा करणार असाल तर दोन-तीन पाण्यांत भिजवून धुवा आणि कालवणात वरून मीठ घालू नका. आमसूल किंवा लिंबू असलं की कमी मिठातही चव लागते. जिभेला सवय व्हायला दोन-तीन आठवडे द्या.

सैंधवही शेवटी मीठच, त्यानं सूज उतरत नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, ते मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोक्याचं ठरू शकतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबरही तेच. रोज शहाळं पिण्यालाही हाच नियम. म्हाताऱ्या माणसांचं मीठ एकदम बंद मात्र करू नका, रक्तातलं सोडियम घसरून त्यांना भोवळ येते, गोंधळायला होतं.

पोटरीचा पंप चालू ठेवा

पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. तासभर बसलात की उठून दोन-तीन मिनिटं चाला. मीटिंगमध्ये अडकलात तर टेबलाखाली टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा. असं २० वेळा. लोकलमध्ये दांडा धरून टाचा वर-खाली करता येतात, शेजारचा बघतो एवढंच.

घरी आल्यावर १५-२० मिनिटं पाय वर घ्या. स्टुलावर पाय ठेवून टीव्ही बघणं यात पुरेसं नाही, पाय छातीपेक्षा वर हवेत. पाठीवर झोपा आणि पोटरीखाली दोन-तीन उशा लावा. नुसत्या गुडघ्याखाली लावल्या तर पाऊल खालीच राहतं. ज्यांना आडवं पडून धाप लागते त्यांनी हे करू नये.

दाबाचे मोजे घ्यायचे तर माप सकाळी, सूज नसताना द्या. किरकोळ सुजेला सहसा १५-२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब पुरतो. अंथरुणातून उठण्याआधी घाला, रात्री काढा. वरची कड गुंडाळली की तिथेच काच पडतो आणि खालची सूज वाढते. पायाच्या धमन्यांचा आजार असणाऱ्यांनी किंवा मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी विचारल्याशिवाय घालू नयेत.

पाणी आणि गोळ्या

सूज आहे म्हणून पाणी पिणं कमी करायचं नाही, तहानेप्रमाणे प्या. हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी माप ठरवून दिलं असेल तर तेच पाळा. उकाड्यात ओआरएस सरबतासारखं रोज पिऊ नका, त्यात मीठ असतं.

लघवीची गोळी शेजाऱ्याची मागून घेणं सर्वांत वाईट, त्यातून पोटॅशियम घसरतं. आणि रक्तदाबावरची अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर घोटे तिच्यामुळेही सुजतात. ती सूज मीठ तोडून फारशी हलत नाही. गोळी स्वतःहून थांबवू नका, डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनीही पाणी साचतं.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि संध्याकाळी घोट्याचा घेर टेपनं मोजून लिहा. पाळीच्या आधी एखाद-दोन किलो चढून आपोआप उतरणं चालतं. दोन आठवड्यांत घेर कमी झाला नाही तर ती वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवीतलं प्रथिन, रक्तातलं क्रिएटिनिन, अल्ब्युमिन आणि थायरॉइड इथून सहसा तपासणी सुरू होते.