जुनी गाडी ठेवायची की कनेक्टेड (आत सिम आणि इंटरनेट असलेली) घ्यायची? आधी गाडीखाली वाका, मग शोरूमला जा

आमची गाडी पंधरा वर्षांची झाली तेव्हापासून घरात रोज तोच वाद, मुलगा म्हणतो बाबा आता विका, आणि मी म्हणतो अरे अजून एका सेल्फमध्ये स्टार्ट होते. खरं सांगू का, दोघंही चुकत होतो. स्टार्टिंगवर काही ठरत नाही, पत्र्यावर ठरतं. इंजिन उघडून बांधता येतं, क्लच प्लेट बदलता येते, पण खालून चासी सडली असेल तर त्या गाडीत पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून पहिलं काम, गाडी लिफ्टवर चढवून घ्या आणि स्वतः खाली उभे राहा. जॅक लावायची जागा, दाराखालचा पट्टा, मागच्या चाकांच्या कमानी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सस्पेन्शन जिथे बॉडीला बोल्टने बसतं ती जागा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, टणटण वाजलं तर पत्रा धड, धप्प वाजलं की समजा आत पोकळ. आमच्या गाडीचा डाव्या दाराखाली रंग एकदम मस्त दिसत होता, ठोकलं तर नखाएवढा पोपडा पडला आणि त्यातून माझं करंगळीचं टोक आत गेलं! नशीब की ते सस्पेन्शनपासून लांब होतं, तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंग केला, भागलं. तेच सस्पेन्शनच्या जागेवर असतं तर मी विषय तिथेच संपवला असता.

इंजिनचं पटकन सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील बघा. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ ठेवणारा पट्टा, कधी बदलला ते कोणालाच आठवत नसेल तर बदलूनच टाका, बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग खर्च विचारू नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा, नक्षी चांगली दिसली तरी ते वाचा.

आता नव्या गाडीच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावीच लागते, ती म्हणजे सेफ्टी. घसरणारी गाडी एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी ईएससी सिस्टीम 1995 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली, पण साध्या गाड्यांत यायला बरीच वर्षं गेली. तुमच्या गाडीत ती नसेल तर नंतर बसवून घेता येत नाही. रोज हायवेला पोरंबाळं घेऊन जाणार असाल तर इथे भावनेला थारा नको. आणि जुनी ठेवणार असाल तर चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून एअरबॅगचा रिकॉल (सदोष भाग बदलून द्यायला कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का बघाच, ताकाता कंपनीच्या बऱ्याच एअरबॅगमधलं रसायन उष्णता आणि दमटपणाने बिघडायचं आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे.

पण नवी म्हणजे कनेक्टेडच हवी असं नाही ना, आणि घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला माझी एक ट्रिक वापरा. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि गाडी रेंज नसलेल्या बेसमेंटमध्ये न्या. लॉक उघडतं का, स्टार्ट होते का, नकाशा दिसतो का, आणि खड्ड्यातून जाताना स्क्रीनवर एसी कमी करता येतो का की बोट भलतीकडेच पडतं? सेल्समन जरा वैतागतो, वैतागू दे.

कारण गाडीतल्या सिमचं आयुष्य गाडीएवढं नसतं. 2022 मध्ये अमेरिकेत थ्रीजी बंद झालं तेव्हा बऱ्याच चांगल्या चालत्या गाड्यांमधली रिमोट स्टार्ट, अपघात झाल्यावर आपोआप कॉल लावणारी सोय, सगळं गेलं. म्हणून कनेक्टिव्हिटी किती वर्षं फुकट, नंतर पैसे नाही भरले तर नक्की काय काय बंद होणार, सॉफ्टवेअर अपडेट कधीपर्यंत, हे लेखी घ्या, तोंडी नको. अपडेट म्हणजे नुसता नवा वॉलपेपर नव्हे हो, 2015 मध्ये दोन संशोधकांनी घरी बसून इंटरनेटवरून हायवेवरच्या जीपचं ट्रान्समिशन (इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणारा भाग) बंद पाडून दाखवलं होतं, त्यानंतर कंपनीने 14 लाख गाड्या रिकॉल केल्या. डेटा शेअरिंगचे पर्याय सेटिंगमध्ये असतात, डिलिव्हरी घेतानाच सेल्समनला समोर बसवून बंद करून घ्या.

सेकंडहँड कनेक्टेड घेत असाल तर अजून एक. आधीच्या मालकाच्या ॲपमधून गाडी काढली का ते त्याच्या फोनवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नुसतं स्क्रीनवर फॅक्टरी रिसेट मारून भागत नाही बरेचदा, तो घरी बसून तुमची गाडी कुठे उभी आहे ते बघत राहील आणि वर लॉकही उघडू शकेल.

आमच्याकडे सध्या तह झालाय, जुन्या गाडीत नवा स्टिरिओ आणि रिव्हर्स कॅमेरा बसवला, मॅप फोनवरून चालतो. मुलगा अजून धुसफुसतो, पण रिव्हर्स घेताना कॅमेऱ्यातच बघतो.