ड्युरियन निवडताना, फोडताना, खाताना

माझा पहिला ड्युरियन वाईट निघाला. सिंगापूरला येऊन महिनाच झाला होता. सुपरमार्केटातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चार गरे आणले आणि फ्रीजमधून काढून गारगारच खाल्ले. आंबूस लगदा होता तो नुसता. पुढची तीन वर्षं मी या फळाकडे फिरकले नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून नव्याने खाणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच: पॅकेट आणू नका, अख्खं फळ समोर फोडून घ्या.

माझं माहेर सावंतवाडीकडचं. फणस थापटून पिकलाय की नाही हे आम्हाला लहानपणीच कळायचं, त्यामुळे ड्युरियन म्हणजे छोटा फणसच असं मी धरून चालले होते. पण फणस वडा-उंबराच्या कुळातला आणि ड्युरियन आपल्या काटेसावरीच्या गोतातला. याला चीक नाही, हाताला तेल लावायला नको. काटे मात्र खरोखर बोचतात. मलय भाषेत ‘दुरी’ म्हणजे काटा, त्यावरूनच नाव पडलं. थापटायला जाऊ नका, देठाला धरून उचला.

इथे मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट. सिंगापूरच्या गेलांग भागात रस्त्याकडेला ढीग लागतात, बहुतेक माल मलेशियातल्या पहांग आणि जोहोरचा. भाव सालीसकट किलोवर असतो, तेव्हा सुरी लागण्याआधी विचारून घ्या.

आता वास. लांबून येतो तो सडक्या कांद्याचा, गॅस गळल्यासारखा. त्यात गंधकाची संयुगं असतातच. पण हिंगाची डबी उघडल्यावर काय येतं ते आठवा. म्हणून आपण हिंग टाकून देत नाही. फळ उलटं करा आणि बुडाशी काट्यांमधून ज्या पुसट रेषा जातात, तिथे नाक न्या. जवळून गोड, दाट, थोडा कांद्याकडे झुकणारा वास आला की फळ तयार. काहीच आलं नाही तर कच्चं. ताडीसारखा आंबट आला तर उतरलेलं, परत ढिगात ठेवून द्या.

मग कानाशी धरून हलकेच हलवा. आत गरे किंचित हलल्याचा बद्द आवाज यायला हवा. पिकल्यावर ते सालीपासून सुटतात. देठ नखाने खरवडा, आत ओल दिसली तर फळ ताजं. किडीचं भोक असेल तर घेऊ नका.

जात ओळखायची तर ‘मुसांग किंग’पासून सुरुवात करा, कारण फसवणूक त्याच्याच नावावर जास्त होते. मलेशियाच्या सरकारी नोंदीत तो डी-१९७, नोंद १९९३ची. बुडाशी काटे नसलेली, तपकिरी, पाच टोकांची चांदणी दिसते. आतला गर हळदीसारखा पिवळा, बी बहुतेक वेळा चपटी आणि लहान. चांदणी दिसली पण गर फिकट निघाला, तर मी विचारते. डी-२४ ही जुनी जात, १९३७ची नोंद. गर फिकट, शेवटी छान कडवटपणा. थायलंडचा मोनथोंग झाडावरून काढलेला असतो, मलेशियात मात्र फळ आपोआप पडेपर्यंत थांबतात. त्यामुळे मोनथोंग घट्ट आणि वासाला सौम्य. आपल्या फणसाच्या भाषेत मोनथोंग म्हणजे घट्ट कापा, मुसांग किंग म्हणजे मऊ बरका. ज्यांना बरक्याचा गर घशाखाली उतरत नाही त्यांनी मोनथोंग घ्यावा. मला विचाराल तर पहिला डी-२४ खा.

फोडण्याचं काम विक्रेत्या अंकलवर सोपवा. ते बुडाच्या रेषेत सुरीचं टोक खुपसून पिळतात आणि साल उकलते. आत साधारण पाच खण. आधी एकच खण उघडून घ्या, बोटाने गर दाबा. बोट हलकेच रुतलं पाहिजे. कडक किंवा पाणचट असेल तर तिथेच सांगा, चांगला विक्रेता बदलून देतो.

एकाहून जास्त जाती खाणार असाल तर सौम्य आधी, कडू नंतर. चावू नका. गर जिभेने टाळूला दाबा. घट्ट चक्क्यासारखा पसरतो. आधी गोड, मग सायीसारखा, मग मागून कडू. आता तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. लांबून आलेला तो कांद्याचा वास इथे भाजल्यासारखा, खमंग लागतो. दोन गऱ्यांवर थांबा, फळ पोटाला जड आहे. दारूबरोबर तर नकोच.

घरी न्यायचा विचार असेल तर इथल्या मेट्रोत ड्युरियनला बंदी आहे. टपरीवरच बसून खा. झाल्यावर रिकाम्या सालीच्या खणात पाणी ओता आणि त्यात बोटं चोळा. वास बराच उतरतो असं इथले लोक मानतात, मीही तेच करते.

बिया मी पिशवीत भरून आणते. कच्च्या खायच्या नाहीत. मीठ घालून चांगल्या उकडायच्या, वरची साल काढायची. आठळ्यांइतक्या पिठूळ होत नाहीत, जरा बुळबुळीत राहतात, पण भाताबरोबर आमच्याकडे संपतात.