वेअरहाऊसमध्ये नवीन लागताय? फोर्कलिफ्टपासून जपा

चाकण, वाघोली, रांजणगाव या पट्ट्यात वेअरहाऊसला लागणारी पोरं बहुतेक पिकिंग-पॅकिंगला जातात आणि फोर्कलिफ्टचं, म्हणजे माल उचलणाऱ्या गाडीचं, टेन्शन ऑपरेटरवर सोडून देतात. मी डिस्पॅचला सुपरवायझर आहे. माझ्या डोळ्यांसमोर गाडीखाली सापडलेत ते गाडीवर बसलेले नाहीत, खाली चालणारेच.

फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. ऑपरेटरने डावीकडे घेतली की गाडीचं बूड उजवीकडे फेकलं जातं, आणि त्या बुडात काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळणारं जड वजन, असतं. वळत्या गाडीच्या आणि रॅकच्या मधून सटकायला जाऊ नका. समोर उंच माल असला तर ऑपरेटरला तुम्ही दिसतच नाही. अशा वेळी त्याने रिव्हर्सने जायचं असतं, पण माल भरायला ट्रक लागल्यावर ते किती जण पाळतात ते बघालच. हॉर्नवर भरवसा नको. त्याने तुमच्याकडे बघून मान हलवली की मगच पुढे व्हा.

बीओपीटी, म्हणजे पॅलेट (मालाखालची फळी) ओढायची बॅटरीवरची गाडी, 'सोप्पाय रे' म्हणत लगेच हातात देतात. आमच्याकडे एक जण गाडीकडे तोंड करून उलट्या पावलांनी ती ओढत होता. पाठ रॅकच्या खांबाला लागली. टिलरच्या, म्हणजे ओढायच्या दांड्याच्या, टोकाला मोठं बटण असतं, ते पोटाला टेकलं की गाडी उलट दिशेला सरकते. त्यामुळे छाती वाचली, पण चाक तोवर पंजावर चढलं होतं. पायात चप्पल होती. सेफ्टी शूजमध्ये उकडतं म्हणे. शिफ्टच्या सुरुवातीला ते बटण दाबून बघाच.

फोर्कलिफ्टने उचललेल्या पॅलेटवर उभं राहून वरचा बॉक्स काढायला कुणी सांगितलं, तर सरळ नाही म्हणा. हे काम नेमकं नव्या पोरालाच सांगतात.

पुढे ऑपरेटर व्हायचं असेल तर आधी गाडीवरची कपॅसिटी प्लेट वाचायला शिका. 500 मिमी लोड सेंटरला (काट्यांच्या मुळापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर) 3 टन लिहिलंय, म्हणजे लांबट मालाला तेवढं वजन चालत नाही. रॅम्पवर माल कायम चढाच्या बाजूला. गाडी कलंडायला लागली तर उडी मारायची नाही. बेल्ट लावलेला ठेवून स्टेअरिंग घट्ट धरायचं. उडी मारणारा गाडीच्याच छताखाली येतो.

कंत्राटदाराकडून लागलात तरी, पगार महिना 21,000 च्या आत असेल तर रुजू होतानाच ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नंबर मागून घ्या. कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, घरी बसावं लागलं तर सरासरी मजुरीच्या 90 टक्के मिळतात. 'दवाखान्यात घरी पडलो सांग' असा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, अपघाताची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये करून घ्या.