परिषदेला आलेल्या पाहुण्यांना सोलापूर कसं दाखवावं

परिषदेचं शेवटचं सत्र संपलं की आयोजक प्रमाणपत्रं, बिलं आणि परतीच्या गाड्यांच्या मागे लागतात. हॉटेल ते सभागृह एवढंच सोलापूर बघून पाहुणे परत जातात. मला याचं फार वाईट वाटतं. कॉलेजातल्या परिषदांच्या निमित्ताने गेली काही वर्षं मी पाहुण्यांना गाव फिरवतो आहे. एक सकाळ आणि एक संध्याकाळ मिळाली तरी सोलापूर नीट दाखवता येतं, फक्त तयारी आधीपासून हवी.

आधी विचारून घ्या

आठ-दहा दिवस आधी प्रत्येकाला एक मेसेज करा. खाण्यात काय चालत नाही, जिने-पायऱ्या चढवतात का, परतीची गाडी किती वाजता आहे आणि घरची भाषा कोणती, एवढं विचारा. भाषेचा प्रश्न का, ते पुढे येईलच.

शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे मात्र वेगळं आणि स्पष्ट विचारा. आपल्याकडे भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, ताटात चटणी शेंगांची आणि पोळीही शेंगांची. रोजचंच असल्यामुळे ते आपल्या लक्षातही येत नाही. एकदा ताटं वाढून झाल्यावर एका पाहुण्या बाईंनी वांग्याच्या भाजीत काय आहे म्हणून विचारलं. नंतर त्या नुसता दहीभात खाऊन उठल्या. त्या दिवसापासून हा प्रश्न मी कधी चुकवत नाही.

ऊन बघून वेळ ठरवा

सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढ्याच वेळा आपल्या. मार्च ते मे या महिन्यांत दुपारी कुणालाही बाहेर काढू नका. मी एकदा एप्रिलमध्ये जेवण झाल्यावर सहा जणांना सिद्धेश्वर मंदिरात नेलं. चपला काढून फरशीवर पाय ठेवला आणि सगळे अक्षरशः पळत सावलीत गेले. कुणी काही बोललं नाही, पण देऊळ कुणीच पाहिलं नाही.

सकाळ सिद्धेश्वरापासून सुरू करा

तळ्याच्या मधोमध देऊळ आणि पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी, हे दृश्य सकाळच्या उन्हात एकदा बघू द्या. लगेच माहिती सांगायला लागू नका. मग बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांबद्दल सांगा. त्यांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली अशी श्रद्धा आहे. त्यांच्याशी लग्न करायची इच्छा धरलेल्या कुंभारकन्येचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, ही कथाही सांगा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, ते याच लग्नाचं स्मरण. पांढरी बाराबंदी घातलेला माणूस एवढी उंच काठी कमरेशी तोलून चालतो, याचा फोनवरचा व्हिडिओ दाखवा. शब्दांनी ते पटत नाही.

किल्ल्याला अर्धा-पाऊण तास द्या. बांधकाम बहमनी काळातलं आहे, आणि आत जुन्या मंदिराचे अवशेषही आहेत. कुणाचे गुडघे दुखत असतील तर खालच्या बागेत बसवा, बुरुजावर चढायचा आग्रह करू नका.

चार पुतळ्यांपाशी थांबा

गाडीतून बोट दाखवून पुढे जाऊ नका, खाली उतरा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही चारही नावं मोठ्याने वाचा. ही माणसं किती वेगवेगळ्या घरांतली होती, ते नावांवरूनच कळतं. मे १९३० मध्ये या गावाने इंग्रजांचा अंमल काही दिवस झुगारला, म्हणून इथे मार्शल लॉ लागला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिली. पाहुणे पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने आले असतील, तर गाडीचं नाव कुणावरून पडलं ते इथे सांगा. बहुतेकांना ते माहीत नसतं.

आप्पासाहेब वारदांनी बांधलेली इंद्रभुवनची इमारत, म्हणजे आपली महापालिका, बाहेरून बघितली तरी चालेल. पाहुण्यांत डॉक्टर असतील तर भैय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक टाळू नका. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेला हा डॉक्टर आपल्या सोलापूरचा.

माग चालू असताना दाखवा

माझ्या मते सगळ्या फेरफटक्यात मोलाची जागा हीच. चादर दुकानात सगळ्यांनीच पाहिलेली असते, ती विणताना फार थोड्यांनी पाहिली आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत किंवा पूर्व भागात ओळखीचा कारखानदार गाठा, आदल्या दिवशी फोन करा आणि सुट्टी कधी असते ते विचारा. हे न विचारता मी एकदा दहा जणांना घेऊन बंद शटरसमोर उभा राहिलो होतो.

आत पाच-सहापेक्षा जास्त माणसं एका वेळी नेऊ नका. ओढण्या, पदर, गळ्यातली ओळखपत्रं आवरून घ्यायला सांगा. आत गेल्यावर काही ऐकू येत नाही, म्हणून माहिती बाहेरच सांगा: वर जेकार्ड असतं, त्यातली भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकेक करून सरकतात आणि कोणते धागे उचलायचे ते ठरवतात. त्यातून नक्षी उतरते. चादर दुपदरी विणली जाते, त्यामुळे एका बाजूला जे लाल तेच उलट्या बाजूला पांढरं. विणून झालेली चादर पाहुण्यांना स्वतःच्या हाताने उलटून बघू द्या. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे त्या वेळी सांगितलं तर लक्षात राहतं.

भाषेचा प्रश्न कामाला येतो तो इथे. पूर्व भागातली पद्मशाली विणकरांची घरं पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलतात. हैदराबादहून आलेले एक प्राध्यापक दोन दिवस इंग्रजीत जेवढ्यास तेवढं बोलत होते. मागावरच्या अण्णांनी कांडी बदलता बदलता त्यांना विचारलं, "मीदि ए ऊरु?" तुमचं गाव कोणतं, एवढंच. त्यानंतर पंधरा मिनिटं ते तिथून हलले नाहीत. कन्नड पाहुणे असतील तर त्यांना सिद्धेश्वर मंदिरात असंच घरी आल्यासारखं वाटतं.

जेवण साधं ठेवा

पनीरच्या भाज्या त्यांना सगळीकडे मिळतात. तुम्ही ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही, झुणका, वांगं आणि शेवटी शेंगापोळी वाढा. चटणी मिक्सरमधली नको. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली हवी, तिचा गोळा वळता येतो. जैन पाहुण्यांसाठी बिनलसणाची आधी सांगून करून घ्या. मांसाहारी मंडळींना शिक-कढई खिलवा. आणि परिषद डिसेंबर-जानेवारीत असेल, तर सभागृहातलं एक जेवण रद्द करून सगळ्यांना शेतावर हुरड्याला न्या.

खरेदीला तासभर पुरे

चाटी गल्लीत न्या, पण विमानाने जाणाऱ्यांना जड चादरीचा आग्रह करू नका. टॉवेल आणि नॅपकिन हलके असतात, ते आनंदाने नेतात.

एक दिवस जास्त असेल तर

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट यांतलं काय हवं ते पाहुणे स्वतःच सांगतात. अभ्यासक मंडळी असतील तर मी हत्तरसंग कुडल सुचवेन. सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटरवर भीमा आणि सीना भेटतात, तिथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. 'वाछि तो विजेया होइवा', जो वाचेल तो विजयी होईल. पुस्तकांत आयुष्य घालवलेल्या माणसांना त्या दगडासमोर उभं केलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. तिथेच ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. वाटेत खाण्याची सोय कमी, तेव्हा डबा आणि पाणी बरोबर घ्या.

निघताना प्रत्येकाच्या हातात कडक भाकरीचं एक पाकीट आणि चटणीची पुडी द्या. भाकरी महिनाभर सहज टिकते. चटणीला तेल सुटतं, तेव्हा ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि नव्या चादरीपासून लांब ठेवायला सांगा.