एका दिवसाचा इतिहास कसा वाचायचा? २२ जून १८९७ घेऊन बघू

तारीख हातात आली की आपण लगेच "काय झालं" ते बघतो आणि पाठ करून मोकळे होतो. त्याआधी एक प्रश्न विचारा: त्या वेळी ही सगळी माणसं तिथं काय करत होती?

२२ जून १८९७, मंगळवार, पुणे. रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण या चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. बरं, रँड रात्रीचा तिथं का होता? तर व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून लंडनमध्ये मिरवणूक निघाली होती आणि इथं गव्हर्नमेंट हाउसवर (आत्ताची विद्यापीठाची मुख्य इमारत) रोषणाई, आतषबाजी, पार्टी, तिथून तो घोडागाडीतून परत निघाला होता. म्हणजे दिवस निवडला तो असा, साहेबलोक नक्की तिथं येणार आणि नक्की त्याच रस्त्यानं परत जाणार.

आता मागं सरकत जा. एकदम शंभर वर्षं नाही हां, आधी काही आठवडे, मग महिने. दहा दिवस आधी पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झालेला. मार्चपासून प्लेगच्या नावाखाली गोऱ्या सोल्जरांच्या घरोघरी झडत्या, बायकांची तपासणी, सामान रस्त्यावर, आणि प्लेग कमिटीचा मुख्य हाच रँड. ४ फेब्रुवारीला साथीचा कायदा आला (२०२० ला कोरोनात आपल्यावर लावला तोच!), त्याच्या आधी १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला, वर त्या वर्षी दुष्काळ. एवढं समोर ठेवलं की आतषबाजीकडे बघणाऱ्या पुणेकराच्या पोटात काय होत असेल ते कळतं, वेगळं समजवावं लागत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढची माहिती मागं घुसडण्यात. मी स्वतः प्रोजेक्टमध्ये ठोकून दिलं होतं की २२ जूनला रँड मेला. नाही मेला! आयर्स्ट जागीच गेला, तो मागच्या गाडीत होता, "गोंद्या आला रे" ही खुणेची आरोळी झाली आणि दामोदरनं रँडवर, बाळकृष्णनं आयर्स्टवर गोळी झाडली. रँड मात्र ३ जुलैपर्यंत जिवंत होता. तेव्हा २३ जूनला सकाळी पुण्यात रँड वाचणार की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं, कुणी केलं ते तर लांबच. टिळकांची अटक २७ जुलैची, दामोदरची फाशी १८ एप्रिल १८९८ ची. हे सगळं कागदावर रेघ मारून पलीकडे लिहा, अलीकडे फक्त त्या दिवशी लोकांना जे ठाऊक होतं तेवढंच.

आणि एकदा रात्री विद्यापीठाकडून गणेशखिंड रोडनं या. ट्रॅफिक सोडा, फक्त अंधारात गाडी ओळखायला त्यांना आरोळी का ठरवावी लागली असेल ते बघा.